आर-२२ वरून कॅब्री जी-२ वर जातोय, पाय उलटे पडतायत, कोणी केलंय का हे?

हॉवर_फोंडा

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग न्यूझीलंडला चालू आहे, चवथीसाठी दोन आठवडे घरी आलोय. आत्तापर्यंत ५२ तास झाले, सगळे रॉबिन्सन आर-२२ वर, सोलो झाला, एक क्रॉसकंट्री पण झाली, म्हणजे अगदीच कच्चा नाही अशी माझी समजूत होती. आता शाळेने कॅब्री जी-२ घेतल्यात, आर-२२ एकच उरलंय आणि ते पण महिन्या-दोन महिन्यांत जाणार, पुढचं सगळं कॅब्रीवर. इकडे यायच्या आधी तिच्यावर एक फ्लाइट झाली, पन्नास मिनिटांची, आणि उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, तिकडे थंडी असून.

भानगड अशी की आर-२२ चा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, कलेक्टिव्ह (डाव्या हातातला दांडा, ओढला की यंत्र वर जातं) ओढला की नाक उजवीकडे पळतं, ते धरायला डावं पेडल, पेडल म्हणजे शेपटीचा पंखा. कॅब्री फ्रेंच, तिचा घड्याळाच्या दिशेने, पॉवर वाढवली की उजवं. हे मला पाठ आहे हो, ब्रीफिंगमध्ये फळ्यावर चित्र काढून मीच समजावलं. आणि पाच मिनिटांनी उचलताना डावा पाय आपोआप पुढे गेला, नाक डावीकडे जातच होतं ते आणखी जोरात गेलं, मी घाबरून कलेक्टिव्ह खाली टाकला तर नाक उजवीकडे, परत ओढला, परत डावा पाय... शेवटी इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाला, आय हॅव कंट्रोल. त्या शांतपणाचाच जास्त राग आला.

तर प्रश्न असे, पाय बदलायला साधारण किती तास जातात, घरी बसून काही करता येतं का, आणि मधेमधे उरलेल्या आर-२२ वर गेलो तर चालेल का (ते स्वस्त पडतं म्हणून विचारतोय).

घरी मी बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डाव्या हातात केरसुणी धरून कलेक्टिव्ह ओढतोय आणि पाय हलवतोय. आजीने दोनदा बघितलं, काही बोलली नाही, फक्त केरसुणी काढून नेली. तिने सगळ्या वाड्यावर सांगितलंय नातू पायलट झाला म्हणून, शेजारच्या काकींनी विचारलं कुठल्या स्टँडवर लागतो.

शुक्रवारचा_बाजार

गोव्यात पायलट म्हणजे काळी-पिवळी मोटरसायकल हे आजीला आधी कळायला हवं होतं 😂 काकींचं काहीच चुकलं नाही.

बाकी मी खरा पायलट नाही, कॉम्प्युटरवरचा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरपासून कॅब्री आहे, घरी बसून तेच कर की. मी म्हापशावरून निघून मांडवीच्या पुलांवरून दोनापावलापर्यंत जातो रोज रात्री. पणजीत जेटीवर उतरायचा प्रयत्न केला, कॅसिनोच्या बोटीवर उतरलो.

माजी_नौदल_वास्को

बाळ, तुझ्यासारखंच माझं झालं होतं, फक्त माझ्या वेळी इन्स्ट्रक्टर शांत नव्हते.

मी नेव्हीत हेलिकॉप्टर शिकलो ते कोचीला, ह्यूज ३०० वर, तीन पाती, पिस्टन इंजिन, रोटर तुझ्या आर-२२ सारखा उलटा. गव्हर्नर (रोटरचा वेग आपोआप सांभाळणारा) वगैरे काही नाही, कलेक्टिव्ह ओढताना मनगटाने थ्रॉटल आपणच सांभाळायचा. तो कसाबसा हातात बसला की चेतक. चेतक म्हणजे फ्रेंच अलुएट-३, एचएएलने इथे बनवलेलं, रोटर घड्याळाच्या दिशेने. म्हणजे तुझी आज जी गत आहे तीच, वर टर्बाइन आणि दुपटीहून जास्त वजनाचं यंत्र. पुढे आमच्यातले काही सी किंगवर गेले, त्याचा रोटर परत उलटा. सगळ्यांचे पाय वळले, कोणी घरी बसलं नाही.

मला एका सिनियरने सांगितलं ते सांगतो. पायाला डावं-उजवं शिकवायला जाऊ नकोस, तो आधीच शिकून बसलाय, त्याच्याशी वाद घालून तू हरणार. समोर लांब, दोनशे मीटरवर, एक झाड नाहीतर खांब धर आणि नाक त्यावर ठेव, बस. नाक खांबाच्या डावीकडे सरकलं की उजवा पाय, उजवीकडे सरकलं की डावा, आणि हे सगळ्या हेलिकॉप्टरांत सारखंच असतं, रोटर कुठेही फिरो. तुझी चूक काय झाली असेल सांगू? कलेक्टिव्ह ओढताना तू नाकाची वाट न बघता पाय आधीच टाकलास. आर-२२ मध्ये त्या सवयीला शाबासकी मिळत होती.

दुसरं, उचलायची घाई नको. कलेक्टिव्ह इतका हळू ओढ की स्किडवरचा (ज्या दांड्यांवर यंत्र उभं असतं त्यांवरचा) भार जातोय पण यंत्र अजून जमिनीवर आहे, तिथे थांब. नाक कुठे जाऊ बघतंय ते तिथे बुडाखाली कळतं. पेडलने ते मार, मग सायक्लिक (समोरचा दांडा, रोटर तिरका करणारा) बघ, मग पुढचा अर्धा इंच ओढ. आणि एक आहे, हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबल्यावर, आर-२२ डावी स्किड खाली ठेवून लोंबतं ना, हे उजवी ठेवेल, ते बघून सरळ करायला जाऊ नकोस.

सुट्टीत वेळ असेल तर बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये जा, दाबोळीला लागूनच. तिथे ह्यूज ३०० आहे आणि चेतक पण आहे. दोघांच्या शेपटीमागे उभा राहून नुसतं बघ, कोणाचा टेल रोटर शेपूट कुठे ढकलतो. कामोव्ह-२५ पण उभं आहे, त्याला टेल रोटरच नाही, वरच दोन रोटर एकमेकांच्या उलट फिरतात. ते बघून डोकं जरा मोकळं होतं.

तीन_पाती

काकांचं हॉवरपर्यंत शंभर टक्के बरोबर, पण पुढचं मी थोडं वेगळं सांगेन कारण चेतकचा टेल रोटर उघडा असतो आणि कॅब्रीला फेनेस्ट्रॉन आहे, शेपटीच्या आत गोल डक्टमध्ये सात पात्यांचा पंखा. खरा फरक तिथे आहे, दिशेत नाही. दिशा मला चार-पाच तासांत बसली. फेनेस्ट्रॉनने मात्र मला रडवलं.

मी पण आर-२२ वरूनच गेले, ५५-६० तास होते, तुझ्याएवढीच शहाणी होते. तिसरा लेसन, अप्रोच (उतरायला येताना), पॉवर कमी, मागून थोडा वारा येतोय हे मला कळलं नव्हतं (विंडसॉक बघितला होता, पण बघितला आणि समजला यात फरक असतो). पंधरा एक फुटांवर वेग संपला, यंत्र बसायला लागलं, मी कलेक्टिव्ह ओढला. नाक डावीकडे निघालं. मी उजवा पाय दिला, बरोबर पाय, अभिमानाने, पण आर-२२ मध्ये देतात तेवढाच, दोन बोटं. काहीच झालं नाही. मला वाटलं पेडल काम करत नाहीये, आणि ज्या क्षणी असं वाटतं ना त्या क्षणी माणूस पाय सैल करतो, का ते विचारू नका. हँगर समोर होता तो उजवीकडून निघून गेला, मग कुंपण, मग गाई, मग परत हँगर दिसायला लागला तेव्हा इन्स्ट्रक्टरने उजवं पेडल मुळापर्यंत दाबलं आणि दाबून धरलं. अजून थोडं फिरून थांबलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, पंखा पूर्ण वेळ चालू होता, तू त्याला काम दिलं नाहीस.

का होतं ते असं. पुढे जाताना शेपटीचं उभं पान वाऱ्यावर बरंच काम करतं, त्यामुळे पंख्याला जवळपास सुट्टी असते आणि तुझा पाय भलतीकडेच गेलेला असतो, कमी पॉवरमध्ये तर डावा पुढे. वेग कमी झाला की ते पान सुट्टीवर जातं आणि सगळा भार पंख्यावर येतो. आणि पेडलच्या मधल्या भागात फेनेस्ट्रॉन फार काही देत नाही, जोर येतो तो पाय बराच पुढे गेल्यावर. म्हणून रॉबिन्सनवाल्यांना पेडल मेलेलं वाटतं. कॅब्री बनवणाऱ्या गिम्बाल कंपनीनेच अप्रोचमधल्या या नाक फिरण्यावर सर्व्हिस लेटर काढलंय, शाळेकडून मागून घे, दोन-तीन वेळा वाच.

तर तुला दोन गोष्टी. एक, अप्रोचच्या शेवटी कलेक्टिव्ह हळू आणि लवकर ओढायला घे, शेवटच्या क्षणी एकदम नको, आणि उजवा पाय त्याच्याबरोबर चालायला लागला पाहिजे. दोन, नाक डावीकडे निघालं आणि थांबत नाही असं वाटलं की उजवं पूर्ण, मुळापर्यंत, आणि धरून ठेवायचं. अर्धं देऊन वाट बघायची नाही. इथे काकांचा खांब उपयोगाचा नाही, खांब कधीच निघून गेलेला असतो, हे आधीच ठरलेलं पाहिजे. हॉवरमध्ये डावीकडे वळताना अगदी सावकाश वळ, टॉर्कच (रोटर फिरवताना अंगाला बसणारा उलटा पीळ) तुला तिकडे नेत असतो. वारा डावीकडून किंवा मागून असेल तर दुप्पट सावकाश.

आर-२२ वर मधेमधे जाऊ का? नको रे. पहिले दहा तास तरी नको. स्वस्त पडणार नाही, दोन्हीकडे अर्धवट राहशील आणि तास वाढतील.

हॉवर_फोंडा

तीन_पाती ताई, अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या पन्नास मिनिटांत जे झालं ते नुसतं ट्रेलर.

काका, आठवून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच झालं होतं, नाक हलायच्या आधीच पाय गेलेला.

ऑटोरोटेशनचं (इंजिन बंद पडल्यावर नुसत्या फिरत्या रोटरवर उतरायचं) काय? आर-२२ मध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच मंत्र, इंजिन गेलं की कलेक्टिव्ह खाली, विचार नंतर. तिकडे रोटर हलका, त्याचा वेग ९७ टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो आणि हॉर्न वाजला म्हणजे तू आधीच उशीर केलास. कॅब्रीत इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल बंद करून दाखवला तेव्हा मला वाटलं वेळच वेळ आहे, चहा होईल मधे.

तीन_पाती

चहा नाही होणार. कॅब्रीच्या रोटरमध्ये दम जास्त आहे हे खरं, पण म्हणून हात आळशी करू नकोस. आणि इथे पण पाय उलटे हं, इंजिन गेलं की टॉर्क जातो, आर-२२ चं नाक डावीकडे जायचं म्हणून उजवा पाय, कॅब्रीचं उजवीकडे जातं म्हणून डावा. वेग किती ठेवायचा ते फ्लाइट मॅन्युअलमधलं बघ, आर-२२ चे ६५ नॉट डोक्यातून काढून टाक.

माजी_नौदल_वास्को

ताईचं पटलं. आम्हाला फेनेस्ट्रॉन कधी वाट्याला आला नाही, डॉफिनवाल्या मित्रांकडून ऐकून होतो पण त्यावर बसलो नाही, त्यामुळे माझा खांब हॉवरपुरता धर. पूर्ण पेडल देऊन धरून ठेवणं हे चेतकवरही शिकवायचे, फक्त तिथे पेडल लगेच उत्तर द्यायचं.

स्पॅनर_भाऊ

मी उडवत नाही, खाली उभा राहून शिव्या खातो (मेंटेनन्स). जमिनीवरचं थोडं सांगतो कारण पोरं तिथेच चुकतात.

आर-२२ चं कमाल वजन १३७० पौंड, म्हणजे ६२२ किलो, आणि एका सीटवर २४० पौंडांच्या वर म्हणजे १०९ किलोच्या वर माणूस चालत नाही. कॅब्रीचं ७०० किलो. म्हणून पोरांना वाटतं आता मोकळीक. पण तिची टाकी १७० लिटरची, पूर्ण भरून दोन दणकट माणसं बसवलीत तर तुम्ही वरच. चवथीला घरी जाऊन नेवऱ्या आणि पातोळ्या खाऊन परत जाणाऱ्यांनी वजनाच्या कागदावर जुना आकडा लिहू नये. हसू नका, लिहितात.

आता कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून द्यायची गरम हवा. आर-२२ मध्ये कार्ब हीट पायलटने सांभाळायची, मॅनिफोल्ड प्रेशर (पॉवर किती चाललीय ते दाखवणारा आकडा) १८ इंचांच्या खाली आलं की कार्बच्या तापमानाचा काटा काय दाखवतोय ते न बघता पूर्ण हीट. कॅब्रीत ते काम आपोआप होतं. आता मजा बघा, पोरगा वीस तास कॅब्रीवर काढतो, हाताची सवय जाते, आणि एक दिवस परत आर-२२ मध्ये बसून डिसेंट सुरू करतो. कार्बमध्ये बर्फ धरायला बाहेर थंडी लागत नाही, आपल्याकडच्यासारखी पंचवीस अंशांची दमट हवा आणि कमी पॉवर पुरते. म्हणून ताई म्हणतात ते बरोबर, मिसळू नका.

प्रीफ्लाइटला फेनेस्ट्रॉनच्या डक्टमध्ये डोकं घालून बघ. उघडा टेल रोटर माणसाला मारतो म्हणून सगळे त्याला घाबरून बघतात, डक्टमधला सुरक्षित वाटतो म्हणून कोणी नीट बघत नाही. एकदा त्यात कापलेलं गवत गुठळी होऊन बसलेलं मी काढलंय. पंखा सुरक्षित आहे तो बाहेरच्यांसाठी.

शुक्रवारचा_बाजार

एक बाळबोध प्रश्न. कॅब्री जर इतकी नाक फिरवते तर शाळा आर-२२ सोडून ती का घेतात?

तीन_पाती

कारण आर-२२ जिथे मारतं तिथे ती मारत नाही.

आर-२२ ला दोन पाती, सी-सॉसारखी एका बिजागरीवर. सायक्लिक एकदम पुढे ढकलून वरून खाली डोकावलं, म्हणजे स्कूटर पुलाच्या उंचवट्यावरून जाताना पोट हलकं होतं ना तसं, की रोटरवरचा भार जातो. अंग उजवीकडे लोळायला लागतं. माणूस साहजिक सायक्लिक डावीकडे मारतो, पण भार नसलेल्या रोटरचा अंगावर ताबाच नसतो, तो नुसता तिरका होऊन मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) आदळतो. त्याला मास्ट बम्पिंग म्हणतात आणि त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. उपाय म्हणजे आधी सायक्लिक हळूच मागे, रोटरवर भार येऊ दे, मग लोळणं सरळ कर. अमेरिकेत एफएएने (तिथलं विमान वाहतूक खातं) १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ साठी वेगळा ट्रेनिंगचा नियमच आणला, एसएफएआर ७३. न्यूझीलंडमध्ये पण तिथल्या अपघात तपास आयोगाने २०१६ मध्ये हा विषय आपल्या वॉचलिस्टवर टाकला, हॉवर_फोंडाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं असणार.

कॅब्रीला तीन पाती आहेत, हबची रचनाच वेगळी, मास्ट बम्पिंग हा प्रकार तिच्यात नाही. शिवाय सीट धक्का शोषून घेणाऱ्या, टाकी आपटली तरी फुटू नये अशी. ब्रुनो गिम्बाल आधी युरोकॉप्टरला इंजिनियर होता, त्याने ती शाळांसाठीच डोक्यात धरून केली, युरोपचं सर्टिफिकेट २००७ ला मिळालं. नाक फिरलं तर बहुतेक वेळा तू जमिनीजवळ असतोस, वेग नसतो, यंत्र मोडतं, तू चालत बाहेर येतोस. मी पण चालतच आले असते.

फक्त एक उलट धोका, आणि तो मला जास्त भीती घालतो. कॅब्रीवर शंभर तास केलेला माणूस नंतर आर-२२ मध्ये बसून तशीच सायक्लिक ढकलतो.

आणि सिम्युलेटरबद्दल, चेकलिस्ट आणि स्विच कुठे आहेत ते बसवायला वापर, पण जॉयस्टिक पिळून नाक फिरवायची सवय लावून घेऊ नकोस, तुझा प्रॉब्लेम पायात आहे आणि तू मनगट शिकवशील.

हॉवर_फोंडा

परत आलो. उशीर झाला लिहायला, तीन फ्लाइट झाल्या मधे.

आधी बोगमाळो. चुलतभावाला घेऊन गेलो, पाऊस धो धो, आम्ही दोघं एका छत्रीत. ह्यूजच्या मागे उभा राहिलो, हाताने रोटर फिरतोय असं करून बघितलं, शेपूट कुठे जाईल, पंख्याने कुठे ढकलायला पाहिजे. मग चेतकच्या मागे जाऊन तेच. चुलतभाऊ म्हणाला लोक बघतायत. लोक नव्हते, एक वॉचमन होता, तो खरंच बघत होता. काका, एवढ्या वर्षांनी तुमचं ह्यूज बघून मला वाटलं हे इतकं छोटं आहे, आमच्या अंगणात मावेल.

आता फ्लाइट. पहिली पंधरा मिनिटं नुसतं स्किड हलकी करून थांबायचं, मीच इन्स्ट्रक्टरला सांगितलं. लांबवर पाण्याची टाकी होती ती धरली. कलेक्टिव्ह थोडा, नाक टाकीवरून डावीकडे बोटभर सरकलं, उजवा पाय, परत टाकी. हे दहा-बारा वेळा. कंटाळवाणं, पण तेराव्यांदा उचललं तेव्हा टाकी हललीच नाही. दुसऱ्या फ्लाइटला अप्रोच, एकदा नाक सुटलं, बहुतेक वीसेक अंश, उजवं मुळापर्यंत दाबलं आणि खरंच एक क्षण काही होत नाही हो ताई, तो क्षण फार लांब असतो. मग थांबलं. तिसऱ्या फ्लाइटमध्ये हॉवरमध्ये असताना इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल बंद केला आणि मी उजवा पाय टाकला. म्हणजे तिथे अजून जुनंच.

आर-२२ वर जात नाही असं शाळेला कळवलं. ते म्हणाले बरं झालं, तसंही पुढच्या आठवड्यात जातंय. वजनाच्या कागदावर नवीन आकडा लिहिला, तीन किलो वाढलं. देव बरें करूं सगळ्यांचं.

स्पॅनर_भाऊ

तीनच? आजीला सांगायला पाहिजे.

तीन_पाती

हॉवरमध्ये इंजिन फेल्युअरला पाय सगळ्यात शेवटी बदलतो, माझा पण तसाच झाला. पुढच्या वेळी इन्स्ट्रक्टरला सांग आधी सांगून थ्रॉटल बंद कर, पाच वेळा, मग न सांगता. आणि वारा डावीकडून असताना एक हॉवर मागून घे, उजवा पाय किती पुढे जातो ते एकदा बघून ठेव.

माजी_नौदल_वास्को

ह्यूज छोटं नाही रे, तू मोठा झालास. आम्ही त्यात दोघं मावायचो तेव्हा आम्ही पण बारीक होतो.